लिटर की किलो?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय : निरनिराळ्या ठिकाणचे डेटाबेस एकमेकांना जोडणं.)

मी १९८९ साली एका सहकारी बँकेत लागले, तेव्हा माझ्या टेबलावर एक संगणक होता आणि त्यावर एक विणलेला रुमाल. पुढची बत्तीस वर्षं पद बदललं, गाव बदललं, काम तेच राहिलं : इथलं रजिस्टर आणि तिथलं रजिस्टर जुळत का नाही, ते शोधायचं. या वेळच्या पत्रांमध्ये सगळ्यांनी तेच दुखणं लिहिलंय, म्हणून निवृत्त झाल्यावरही जरा जोरात लिहिते आहे.

प्रश्न : आमच्या तालुका दूध संघाला १४० प्राथमिक संस्था दूध घालतात. त्यांच्याकडे तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर आहेत, नऊ ठिकाणी अजून फॉक्सप्रो (जुन्या काळचं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालतं. संघाचं ईआरपी (सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं, जनावरांच्या उपचारांची नोंद वेगळी, पशुखाद्याची उधारी आणखी तिसरीकडे. संचालक मंडळाचं म्हणणं, सगळं उचलून एका मोठ्या सर्व्हरवर टाका. टाकावं का? — संगणक विभाग प्रमुख, कोल्हापूर जिल्हा

उचलू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही.

उचललंत तर पहिल्या दिवशी फार छान दिसेल. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संस्थेचा सचिव नेहमीप्रमाणे त्याच्याच संगणकावर संकलन घेईल, कारण फॅट मोजणारं यंत्र आणि वजनकाटा त्यालाच जोडलेला आहे. म्हणजे आता एकाच दुधाच्या दोन नोंदी झाल्या. सभासद भांडायला आला की खरी कुठली? सचिव त्याच्याकडची दाखवेल, तुम्ही तुमच्याकडची. हे भांडण मी बघितलंय आणि त्यात संगणकवाला नेहमी हरतो.

खिशात रेल्वेचं तिकीट असेल तर बाहेर काढा. पीएनआर ८ किंवा ९ ने सुरू होत असेल तर ते आरक्षण मुंबईच्या केंद्राचं, ४ किंवा ५ असेल तर चेन्नईचं. रेल्वेची आरक्षणाची केंद्रं पाच : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. ती एका ठिकाणी कोंबली नाहीत. 'क्रिस' या रेल्वेच्याच संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली लिहिली आणि १९९९ मध्ये ही पाच केंद्रं एकमेकांशी बोलायला लागली. मिरजेच्या खिडकीवर तुम्ही हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मागता, तेव्हा विचारणा त्या गाडीच्या जागा जिथे नोंदलेल्या असतात तिथे जाते आणि उत्तर मिरजेला येतं. अर्थात पाचही ठिकाणी प्रणाली एकच होती. तुमच्याकडे तीन कंपन्या आणि वर फॉक्सप्रो, म्हणजे तुमचं काम रेल्वेपेक्षा अवघड आहे, हे संचालकांना खुशाल सांगा.

तुमच्या परिस्थितीला जास्त जवळचं उदाहरण एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशाचं. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. तिथे २००१ पासून 'एक्स-रोड' ही सरकारी खात्यांचे डेटाबेस जोडणारी व्यवस्था चालते. लोकसंख्येची नोंद एका खात्याकडे, गाड्यांची दुसऱ्याकडे, आरोग्याची तिसऱ्याकडे, आणि सगळ्यांचा मिळून असा एक मोठा डेटाबेस नाहीच. प्रत्येक खात्याच्या दारात एक सुरक्षा-सर्व्हर बसवलेला आहे. एका खात्याने दुसऱ्याला काही विचारलं की तो निरोप सही-शिक्क्यानिशी आणि वेळेच्या नोंदीसह थेट त्या दारात जातो. मध्यवर्ती कार्यालयाकडे फक्त सभासद कोण आणि त्यांचे पत्ते काय एवढंच असतं. निरोपातला मजकूर त्याच्या हातून जातच नाही. आणि एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याने नागरिकाकडून पुन्हा मागायची नाही, हे त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलंय. (आपल्याकडे एकाच इमारतीत तीन मजल्यांवर रेशनकार्डाच्या तीन झेरॉक्स द्याव्या लागतात. असो.)

आता तुमच्या १४० संस्था. अमित शेठ आणि जेम्स लार्सन या दोघा संगणक-अभ्यासकांनी १९९० साली याच विषयावर एक लांबलचक निबंध लिहिला होता. त्यात त्यांनी तीन अडचणी वेगळ्या काढल्या : माहिती विखुरलेली असते, तिचे प्रकार वेगळे असतात, आणि ज्याच्याकडे ती असते तो स्वतंत्र असतो. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांना पाठ असतात. तिसरी कुणीच बोलत नाही. तुमचा सचिव तुमचा नोकर नाही. तो त्याच्या संस्थेच्या सभासदांना बांधील आहे. त्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने रविवारी एखाद्या रकान्याचं नाव बदललं तर सोमवारी तुमचं काम बंद पडेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

यावरचा उपाय जुन्या घरांना ओटा असायचा तसा आहे. पाहुण्याला सगळं घर उघडं करून दाखवायचं नाही. द्यायचं ते ओट्यावर मांडायचं. प्रत्येक संस्थेने सहाच गोष्टी ओट्यावर ठेवायच्या : सभासद क्रमांक, तारीख, पाळी, दुधाचा प्रकार, माप, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ). घरात फॉक्सप्रो असो की आणखी काही, ओट्यावर हे सहा रकाने ठरल्या नावाने आणि ठरल्या एककात. तीन कंपन्यांसाठी तीन आणि फॉक्सप्रोसाठी एक, असे चार छोटे दुभाषे, म्हणजे घरातली नोंद ओट्यावरच्या साच्यात बदलणारे प्रोग्रॅम, तुम्हाला लिहावे लागतील. १४० नव्हे.

दुभाषे लिहिण्याआधी मात्र पहाटे एखाद्या संस्थेत जाऊन उभे राहा. का, ते सांगते. एका संघात (नाव नको) तीन टक्के दूध रोज 'गळत' होतं. चौकशी समिती बसली, टँकरच्या ड्रायव्हरवर संशय, एकाला कामावरून काढेपर्यंत मजल गेली. मला बोलावलं ते अहवाल छापून घ्यायला. संस्था दूध काट्यावर किलोत घ्यायच्या. संघात ते मीटरमधून लिटरमध्ये मोजलं जायचं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. १०३० पाठवले, १००० पोचले. दोन्ही संगणकांत रकान्याचं नाव एकच होतं : 'क्वांटिटी'. ड्रायव्हरला परत घेतलं, पण त्याच्याकडे बघताना मला अजून कसंतरी होतं.

तेवढ्यावर भागत नाही. संध्याकाळच्या पाळीचं दूध संघात रात्री पोचतं. काही संघ ते त्याच तारखेला धरतात, काही दुसऱ्या दिवशीच्या. महिन्याची बेरीज जुळते, दहा दिवसांचं बिल जुळत नाही. एका कंपनीत गाय १ आणि म्हैस २, दुसरीत उलटं. कुणी फॅटचा दुसरा दशांश कापतं, कुणी पुढे ढकलतं. ही यादी तुम्हाला कुठल्याही कागदपत्रात सापडणार नाही. ती सचिवांच्या डोक्यात आहे. ती लिहून काढणं हेच तुमचं पहिल्या तीन महिन्यांचं काम, आणि ते काम विकत मिळत नाही.

शेवटचं, पुराचं. पंचगंगेला पाणी आलं, पूल बुडाला, पलीकडच्या संस्थेची लाईन गेली. संघाने काय करायचं? दोनच वाटा. एक तर 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून बिल थांबवायचं, नाहीतर कालच्या आकड्यावर चालवायचं. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअरने हे २००० साली मांडलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी गणिताने सिद्ध केलं : संपर्क तुटला असताना ताजं उत्तर आणि लगेच उत्तर, दोन्ही मिळत नाही. कुठल्या कामाला कुठली वाट, हे पाऊस पडायच्या आधी संचालकांच्या सभेत ठरवून ठरावात लिहून घ्या. माझं मत : टँकरचं नियोजन कालच्या आकड्यावर चालेल, पैसे वाटप चालणार नाही. आणि जुना आकडा दाखवाल तेव्हा त्याच्याशेजारी 'काल संध्याकाळी ७.४० पर्यंतचा' असं छापा. ही एक ओळ नसल्यामुळे मी फार शिव्या खाल्ल्यात.

प्रश्न : आम्ही पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतो. त्यातून बाहेरच्या मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं टेबल आपलंच असल्यासारखं दिसतं. मग दुभाषे वगैरे कशाला? — नाशिक

दिसतं. बाहेरचा डेटा घरातल्या टेबलासारखा मांडायची ही सोय चांगली आहे आणि मीही वापरते. एका पोस्टग्रेसमधून दुसरं पोस्टग्रेस असं बघायचं असेल तर त्यासाठीची जोड २०१३ पासून, ९.३ या आवृत्तीबरोबरच येते.

फक्त एवढं बघा की तुमची अट कुठे तपासली जाते. 'फक्त निफाड तालुका' ही अट पलीकडे पोचली तर दोनशे ओळी येतील. पोचली नाही तर अख्खं टेबल तारेवरून तुमच्याकडे येईल आणि चाळणी तुमच्या घरी लागेल. आमच्याकडे एकदा चाळीस लाख ओळी अशा ओढल्या गेल्या, तेही महिनाअखेरीस दुपारी. शाखेतल्या खिडक्यांवर रांगा लागल्या. अटीत स्वतःचं एखादं फंक्शन घातलंत की ती सहसा पलीकडे जात नाही. क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी 'एक्सप्लेन' लावून, ती कशी चालणार ते बघण्याची सवय ठेवा. आणि आपलंच असल्यासारखं दिसतं म्हणून किलोचं लिटर होत नाही.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेच्या ११ शाळा आणि २ महाविद्यालयं. जुनी रजिस्टरं संगणकावर आहेत, पण प्रत्येक शाळेची वेगळी. दहावी एका शाळेत आणि पुढचं शिक्षण आमच्याच महाविद्यालयात, अशा विद्यार्थ्यांची सलग नोंद हवी आहे. नाव आणि जन्मतारीख जुळवली. निम्मीसुद्धा जुळली नाहीत. काही ठिकाणी तर भलतेच दोघे एक झाले. — कार्यालयीन अधीक्षक, कऱ्हाड

तुमच्या गावापासूनच सुरुवात करू. 'कऱ्हाड' संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात ऱ हे नुक्त्याचं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला ती दोन वेगळी गावं. युनिकोडचं (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची सोय, चालवलंत तरी ही दोन एक होत नाहीत. तो नियम तुम्हालाच लिहावा लागेल. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे आडनावांची तुमची मुलं बहुतेक इथेच हरवली असतील. शिवाय 'कराड' लिहिणारे वेगळेच. जुनी रजिस्टरं युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असतील तर आत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे आणि फॉन्टमुळे तो मराठी दिसतोय. आधी ते रूपांतर.

मग नावाचा क्रम. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तुमच्या एखाद्या शाळेत शेवटी. तीन तुकडे वेगळे करा आणि तुकड्याशी तुकडा ताडा. मुलींची नावं लग्नानंतर तीनही बदललेली असू शकतात. तिथे आईचं नाव नोंदलेलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार जुळवणारी साउंडेक्स नावाची शंभरेक वर्षं जुनी पद्धत कुणीतरी सुचवेल. ती नावाचं पहिलं अक्षर आहे तसं ठेवते. आपल्याकडे वाघ कुणी व्ही ने लिहितं, कुणी डब्ल्यू ने. दोघे कायमचे दुरावले.

आणि जन्मतारीख. तुमच्या जुन्या रजिस्टरात १ जूनचे किती जण आहेत, मोजून बघा. माझे वडील १ जून, त्यांच्या पाठचे दोघे काकाही १ जून. आजीला विचारलं तर एक आषाढात, एक थंडीत, आणि एक 'मोठा दुष्काळ पडला त्या साली'. शाळा जूनला सुरू व्हायची, गुरुजी मुलाकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख लिहून टाकायचे. म्हणून 'दोघांची जन्मतारीख १ जून' याला फारशी किंमत नाही. 'दोघांची १७ नोव्हेंबर' याला आहे.

हेच इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या संख्याशास्त्रज्ञांनी कॅनडात १९६९ साली सूत्रात बांधलं. प्रत्येक रकाना जुळला तर अमुक गुण, जुळला नाही तर अमुक वजा. दुर्मीळ गोष्ट जुळली तर गुण जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. पाटील-पाटील जुळण्याला काय अर्थ? बेरीज एका रेघेच्या वर गेली तर जुळलं, दुसऱ्या रेघेच्या खाली असेल तर नाही. मधले सगळे माणसाने डोळ्यांनी बघायचे. तुम्ही मधला ढीग ठेवलाच नसणार, म्हणून भलतेच दोघे एक झाले.

मधला ढीग बघायला निवृत्त लिपिक बसवा. शाळेतल्या जुन्या लिपिकाला 'हा त्या मळ्यातला आणि तो पेठेतला' हे माहीत असतं. आणि जुळले म्हणून दोन नोंदी एकत्र करून टाकू नका. दोन्ही जागच्या जागी राहू द्या. तिसऱ्या तक्त्यात लिहा : ही आणि ती एकच व्यक्ती, कुणी ठरवलं, कधी, कशावरून. एका बँकेत आम्ही दोन ठेवीदार एक केले होते. चुलतभाऊ, दोघांना आजोबांचंच नाव, वडिलांची नावंही सारखी निघाली. खाती वेगळी करायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्या घरात बोलणं बंद होतं.

प्रश्न : ताई, मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन डेटाबेसमध्ये एकाच वेळी व्यवहार करायचा असेल तर टू-फेज कमिट वापरतात असं शिकवलं. खरंच वापरतात का? की प्रोजेक्टला ब्लॉकचेन घेऊ? — पुणे

ब्लॉकचेन नको. ते एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेकांसाठी आहे, आणि तुझ्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही डेटाबेस तुझ्याच लॅपटॉपवर असणार.

टू-फेज कमिट वापरतात, पण एकाच छताखाली. एकेरी रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनकडे 'लाईन क्लिअर' मागतो. पुढच्याने ती दिली की मधला मार्ग त्या गाडीसाठी अडकला; गाडी पोचेपर्यंत दुसरं काही सोडायचं नाही. इथेही तसंच. समन्वयक (व्यवहार घडवून आणणारा प्रोग्रॅम) दोन्ही डेटाबेसना विचारतो, 'तयार?' दोघे 'तयार' म्हणून आपापल्या नोंदी कुलूपबंद करतात, मग तो 'करा' म्हणतो. 'तयार' आणि 'करा' यांच्या मध्ये समन्वयकच बंद पडला तर? दोघे कुलूप लावून ताटकळत. एका बँकेच्या एका खोलीत हे परवडतं. दूध संघ आणि बँक यांच्यात नाही. बँक तुझ्यासाठी खातं कुलूपबंद करून का बसेल?

तिथे दुसरी रीत आहे. गार्सिया-मोलिना आणि सालेम या संगणकशास्त्रज्ञांनी १९८७ साली तिला 'सागा' नाव दिलं, पण आपल्या मुनीमांना ती आधीपासून ठाऊक होती. मोठा व्यवहार छोट्या पायऱ्यांत करायचा, आणि प्रत्येक पायरीची उलट नोंद तयार ठेवायची. शेतकऱ्याच्या बिलातून हप्ता कापला, बँकेने घेतला नाही, तर कापलेली नोंद खोडायची नाही. तेवढीच रक्कम परत जमा दाखवायची. वहीत खाडाखोड नाही.

एक गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरात असते, ती मी मोठ्याने सांगते. आमच्या संगणकाच्या प्रोग्रॅमने बँकेला हप्त्यांची यादी पाठवली. उत्तर आलं नाही. प्रोग्रॅमने पुन्हा पाठवली. पहिली यादी पोचली होती, हरवलं होतं ते फक्त उत्तर. २१२ शेतकऱ्यांचे हप्ते दोनदा गेले, ऐन पोळ्याच्या आठवड्यात. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक निरोपाला पाठवणाऱ्याने दिलेला क्रमांक असतो. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जातो, आणि घेणाऱ्याकडे तो आधीच असेल तर तो काही न करता जुनंच उत्तर परत देतो. तुझ्या प्रोजेक्टमध्ये मुद्दाम मध्येच नेट बंद करून हे दाखव. परीक्षकांनी एवढं बघितलं तरी पुरे.

प्रश्न : आम्ही एका स्वयंसेवी संस्थेत आरोग्य आणि शिक्षणाची गावनिहाय माहिती जोडतो आहोत. गावाच्या नावाने जोडावी की कोडने? कोड तरी कुठला? — ठाणे

नावाने नको. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड मुख्य धरा आणि २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव-कोड शेजारी ठेवा, कारण जुनी आकडेवारी त्यावरच आहे. कोडचा रकाना मजकूर म्हणून साठवा, आकडा म्हणून नाही. सुरुवातीची शून्यं उडतात. आणि एक्सेलमधून नेत असाल तर सांभाळा : १२/३ हा गट नंबर त्याने केव्हा १२ मार्च केला, हे तुम्हाला कळणारही नाही.

जिल्ह्याचं मात्र एकच नाव साठवून भागणार नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचं जव्हार ठाणे जिल्ह्यात. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं जुन्या तक्त्यांत आहेत, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर नव्या. म्हणून गाव-जिल्हा असा वेगळा तक्ता करा आणि त्यात 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' हे दोन रकाने घाला. अहवाल काढताना आधी विचारा की तो तेव्हाच्या हद्दीने हवा की आजच्या. मागणाऱ्याला हा फरक सहसा ठाऊक नसतो. त्याच्याकडून लेखी घ्या. पण जव्हारच्या १९९८ च्या लसीकरणाच्या मूळ नोंदीत 'ठाणे' लिहिलेलं असेल तर 'शोधा आणि बदला' चालवून ते पालघर करू नका. तुमच्याकडचा एखादा उत्साही मुलगा ते करेलच, म्हणून त्या तक्त्याला लिहिण्याचा अधिकार आजच काढून घ्या.